दारातलं तबक

आमच्या चर्चच्या कमिटीत दरवर्षी एक प्रश्न निघायचाच. हे शेजारपाजारच्या लोकांसाठीचे कार्यक्रम आपण करतो ते नक्की कशासाठी? प्रश्न विचारणारे बहुधा खजिनदार असायचे. ते विचारत असायचे तेव्हा आम्ही बायका मागच्या बाकांवर बसून करंज्यांना खोबरं कुणी किसायचं ते ठरवत असायचो. म्हणजे उत्तर सापडो न सापडो, करंज्या होणारच होत्या.

कार्यक्रम तरी काय, वर्षाच्या हंगामाप्रमाणे ठरलेले. नाताळात चहा-फराळ. मे महिन्यात मुलांचा सुट्टीतला वर्ग, त्यात गाणी, गोष्टी आणि लिंबाचं सरबत. पावसाळा ओसरला की हंगामाचा सण, त्यात ज्यानं त्यानं आणलेल्या भोपळ्यापासून कोंबडीपर्यंत सगळ्याचा आवारात लिलाव. या सगळ्याला आजूबाजूच्या घरांना आम्ही दारोदार जाऊन बोलवायचो. खजिनदारांच्या प्रश्नाला उत्तरंही ठरलेली होती. पाळकसाहेब म्हणायचे, शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय म्हणून. सेक्रेटरी म्हणायचे, चार घरांशी संबंध बरे असले की नाताळच्या लाउडस्पीकरवरून कुणी कुरकुर करत नाही. गल्लीतले एक गृहस्थ पानाच्या टपरीवर उघड म्हणायचे की हे सगळे बाटवायचे धंदे आहेत. आणि हेच गृहस्थ नाताळच्या चहाला सगळ्यांच्या आधी येऊन दोनदा चिवडा मागून घ्यायचे. माझं उत्तर मात्र सोपं होतं. माझ्या सासूला स्वस्थ बसवत नाही म्हणून.

सासू बालवाडीच्या शिक्षिका. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची, मी आई म्हणायचे. माझा नवरा शाळेत होता तेव्हाच सासरे गेले, आणि तेव्हापासून आईंनी एकटीनं घर ओढलं. नव्वदीच्या सुरुवातीला मी लग्न होऊन नाशकात आले. मी नामपूरची. वडील तिकडे मास्तर होते, घर कांद्याच्या बाजाराजवळ, त्यामुळे लहानपणापासून लिलावाच्या आरोळ्या ऐकून माझा आवाज मोठा. नवरा म्हणायचा, जरा हळू बोल, आपण मार्केटात नाही. आई मात्र म्हणायच्या, बरं झालं, हंगामाच्या सणाला लिलाव पुकारायला माणूस मिळालं.

माझ्या पहिल्या नाताळात आम्ही चहाबरोबर केक ठेवला होता. मी स्वतः अंडी फेटून फेटून हात मोडून घेतले होते. शेजारच्या बायका आल्या, बसल्या, गोड हसल्या आणि केकला एकीनंही हात लावला नाही. मला तर रडूच यायला लागलं. नंतर एक आजी हळूच म्हणाल्या, पोरी, मार्गशीर्ष चाललाय, अंडं कसं चालेल? आणि त्यातून तो गुरुवार होता, निम्म्या बायकांचा उपास. आमच्या नाताळची तारीख ठरलेली, त्यांचा मार्गशीर्ष दरवर्षी पुढेमागे सरकणारा. एवढी वर्षं शेजार असून आमच्या कमिटीनं कालनिर्णय बघायचा असतो हे काही लक्षात घेतलं नव्हतं. त्या वर्षापासून केक बंद, करंज्या, शेव आणि चिवडा सुरू, आणि चहाची तारीख ठरवताना आई चष्मा लावून आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायच्या.

आता ज्या बाईसाठी हे सांगायला बसले तिच्याकडे येते.

चर्चच्या कुंपणाला लागून एक मळा होता. गंगापूर रोडला तेव्हा इमारती वर यायला लागल्या होत्या, पण मधूनमधून मळे होते, आणि सकाळी फिरायला गेलं की एका बाजूला सिमेंटचा आणि दुसऱ्या बाजूला शेवंतीचा वास यायचा. त्या मळ्यात एक तरुण नवरा-बायको शेवंती, झेंडू, गुलाब करायचे. नवरा पहाटे फुलं पंचवटीच्या बाजारात घेऊन जायचा. शनिवारी संध्याकाळी चर्चसाठी फुलं ती स्वतः आणून द्यायची, आणि मग कुंपणाशी उभं राहून आईंशी तासभर गप्पा. हसायला लागली की कुंपणाच्या अलीकडे आमच्या घरी मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तिच्या दोन्ही मुली आईंच्या बालवाडीतून गेलेल्या.

एका पावसाळ्यात तिच्या नवऱ्याला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग दवाखाना, आणि उशीर झाला. महिन्याभरात माणूस गेला.

त्यानंतर फुलं आणून द्यायला तिचा दीर यायला लागला. ती मळ्यात दिसायची, खाली वाकून फुलं तोडताना, पण कुंपणाशी यायची नाही. पाऊस संपला, नवरात्र झालं, कोजागरी झाली, दिवाळी झाली. वर्ष फिरलं, संक्रांत आली, चैत्रातलं हळदीकुंकू झालं, श्रावण झाला. गल्लीत प्रत्येक वेळी बायकांची ये-जा, हातात वाण, डोक्यात गजरे. त्यातले निम्मे गजरे तिच्याच मळ्यातल्या फुलांचे असायचे. तिला मात्र कुणी बोलावलं नाही. कुणी वाईट वागलं असंही नाही. तिच्या घरी डाळ-तांदूळ पोचवणाऱ्या याच बायका होत्या. नुसतं बोलावणं थांबलं.

तिच्या भावानं ठरवलं की आता बहिणीला आणि भाच्यांना गावी न्यायचं, मळा दिराकडे करायला सोपवायचा. माणूस चांगला होता, काळजीनंच म्हणत होता. तीही तयार व्हायला लागली होती. आई समजवायला गेल्या की बाई, मळा तुझ्या हातचा, पोरींची शाळा इथली, कशाला जातेस. तर ती म्हणाली, इथं मला कोण हाय? कोणाच्या दारी बोलावणं नाय.

मग आईंनी मनाशी ठरवलं की नाताळच्या चहाला तिला आणायचंच. चार बायकांत एकदा येऊन बसली की तिचं तिला कळेल. रोज संध्याकाळी त्या मळ्यावर जायला लागल्या. पहिल्यांदा ती नाय म्हणाली. मग बघते म्हणाली. आणि एके दिवशी तिनं विचारलं, बाई, कोणतं लुगडं नेसू? हे सांगायला आई घरी अशा लगबगीनं आल्या की चप्पल दारात एक आणि पायरीवर एक. खोटं कशाला सांगू, मलाही फार बरं वाटलं.

त्याच वर्षी आमच्याकडे नवीन पाळक बदलून आले होते. त्यांची बायको, म्हणजे पाळकबाई, तरुण, उत्साही, कामाला वाघ. त्यांना वाटलं, शेजारच्या बायका चर्चमध्ये येतात तेव्हा अवघडून बसतात, त्यांना आपल्या घरासारखं वाटायला हवं. म्हणून त्यांनी कमिटीत सुचवलं की दारात तबक ठेवू या. हळदकुंकू, गुलाबपाणी, एकेक शेवंतीचं फूल. झालं, कमिटीत वादाला तोंड फुटलं. सेक्रेटरी म्हणाले, चर्चच्या दारात कुंकू म्हणजे फारच झालं. पाळकबाई म्हणाल्या, आपण थोडंच लावून घेणार आहोत, पाहुण्यांना लावायचं, मानाचं असतं ते. एक आजोबा म्हणाले, आमच्या वाडवडिलांनी हे सोडलं ते काय पुन्हा दारात मांडायला? दोन बाजू पडल्या, मीसुद्धा तावातावानं बोलले, कुठल्या बाजूनं ते आता आठवत नाही. शेवटी तबक ठेवायचं ठरलं. सगळा वाद आपण कुंकू हातात घ्यावं का, यावर झाला. ते कुणाला लावता येत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्यात कुंकवाचा व्यवहारच नाही, तर येणार कुठून. आईंच्याही आलं नाही, आणि आई तर तिथंच बसून खोबरं किसत होत्या.

चहाच्या दिवशी दुपार कलली तशी माणसं यायला लागली. आवारात मांडव, वर कागदाची मोठी चांदणी. दारात पाळकबाई नवी साडी नेसून तबक घेऊन उभ्या, शेजारी गुलाबदाणी घेऊन एक मुलगी. गल्लीतल्या बायकांना फार कौतुक वाटलं. अगंबाई, चर्चमध्ये हळदीकुंकू, असं एकमेकींना सांगत सगळ्या रांगेनं आत येत होत्या. खरंच त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा मोकळ्या बसल्या. पाळकबाईंचा चेहरा फुलला होता. आणि आई फाटकापाशी खुर्ची टाकून मळ्याच्या वाटेकडे बघत बसल्या होत्या.

ती आली. केसांना तेल लावून चापून चोपून विंचरलेले, फिकट निळं लुगडं, डोक्यावरून पदर. दोन्ही हातांत फुलांची पाटी, मोकळ्या हातानं यायचं नाही म्हणून. मुली पुढे पळत आल्या आणि थेट फराळाच्या टेबलाकडे गेल्या. आईंनी तिच्याकडे बघून मान हलवली, तीही थोडं हसली, आणि बायकांच्या रांगेत उभी राहिली. मी चहाच्या पातेल्याशी होते, मला सगळं समोर दिसत होतं.

रांग सरकली. तिच्या पुढची बाई कुंकू लावून घेऊन आत गेली आणि तिच्यासमोर तबक आलं. पाळकबाईंनी हसून कुंकवात बोट बुडवून वर नेलं, मग त्यांना तिचं मोकळं कपाळ दिसलं, मोकळा गळा दिसला, आणि बोट तसंच हवेत राहिलं. मागच्या बायका डोकावून बघायला लागल्या.

तिनं पाटी खाली दाराशी ठेवली. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी फुलं द्यायला आले व्हते."

मग तिनं मुलींना हाक मारली. मोठी लगेच आली, धाकटी हातात करंजी घेऊन मागे बघत बघत आली. आई खुर्चीतून उठल्या, पण त्यांचे गुडघे असे की उठेपर्यंत ती फाटकाबाहेर गेली होती. आईंनी दोन हाका मारल्या. तिनं वळून पाहिलं नाही.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ना, तसं झालं. पाळकबाई स्वयंपाकघरात येऊन रडायला लागल्या. वाटलं होतं आई त्यांना चांगलं सुनावतील, मी तर त्याची वाटच बघत होते. आई त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, चहा गाळ, उकळून कडू होतोय. तबक कुणीतरी आत नेऊन ठेवलं. कार्यक्रम पार पडला, लोक छान झालं म्हणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी मळ्यावर गेलो. ती शेवंती तोडत होती. आईंनी बांधावर उभ्या राहूनच सांगितलं की चूक आमची झाली, आम्हाला सुचलं नाही, तू मनातून काढून टाक. ती फुलं तोडत राहिली. राग असता तर बरं झालं असतं, तोही नव्हता.

"तुमच्याकडं ते नसतं म्हणून तर मी यायला निघाले व्हते, बाई," ती म्हणाली. "बाकी समद्यांकडं असतंच."

आम्ही परत फिरलो.

वाटेत मी चिडून म्हटलं, यांच्यातल्या चालीच मेल्या अशा. आई थांबल्या. म्हणाल्या, "यांच्यातल्या कशाला? घरोघरी मातीच्या चुली. तुझ्या हळदीला मी कुठं उभी होते, आठवतं तुला?"

मला आठवेना. आमच्या लग्नात कुंकू नसतं, पण आदल्या दिवशी हळद असते, गाणी असतात, आणि पहिली हळद सवाष्णींनीच लावायची असते. त्या दिवशी मी पाटावर बसले होते. चुलतसासवा होत्या, नणंदा होत्या, शेजारणी होत्या. आई कुठे होत्या?

"मागं, भांड्यांच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "कुणी जा म्हणालं नाही. माझी मीच गेले. एकुलत्या एका पोराचं लग्न."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला त्यांचा रागच आला. इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटात जेवून, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांचा हात धरला तर म्हणाल्या, सोड, गुडघा दुखतोय, तोल जाईल.

पुढच्या कमिटीत खजिनदारांनी नेहमीचा प्रश्न काढला. नाताळचा चहा होऊन गेला होता, बायका थकल्या होत्या, सगळ्यांना वाटलं आता पुढचं मे महिन्यात. आई कमिटीत कधी बोलत नसत. त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, संक्रांतीच्या दिवसांत आणखी एक चहा करायचा. खजिनदार म्हणाले, अहो बाई, तेव्हा गल्लीत घरोघर हळदीकुंकू असतं, आपल्याकडे कोण येणार? आई म्हणाल्या, ज्यांना तिकडे बोलावणं नसतं त्या येतील. पाळकबाईंनी लगेच हात वर केला. खजिनदारांनी वही उघडून खर्चाचा आकडा लिहून घेतला.

निमंत्रण द्यायला आई एकट्याच मळ्यावर गेल्या. तिला म्हणाल्या, दारात तबक नसेल, फूल नसेल, मी असेन. आलीस तर आलीस. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. भाऊ संक्रांत झाली की न्यायला येणार होता, एवढं मात्र सांगितलं.

त्या दिवशी दुपारपासून गल्लीत बायकांच्या पैंजणांचा, बांगड्यांचा आवाज चालू होता. सगळ्या इकडून तिकडे, आणि आमच्या आवाराकडे कुणी वळेना. मोठ्या पातेल्यात चहा, परातीत तिळाचे लाडू, आणि आम्ही आमच्याच मंडळीतल्या पाच-सात बायका एकमेकींकडे बघत बसलो होतो. आई दारात उभ्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. हात नुसते खाली सोडलेले. पाळकबाई तीनतीनदा येऊन मला विचारत होत्या, येईल ना हो ती? मला काय माहीत. मी चहा पुन्हा गरम करत होते.

उन्हं उतरली तेव्हा ती मळ्याच्या बाजूनं आली. तेच निळं लुगडं. आणि ती एकटी नव्हती. तिच्या मागे आणखी बायका होत्या, अंतर राखून, पदर घट्ट ओढून. एक म्हातारी होती. एक माझ्याहून लहान असेल. आणि एकीला पाहून मी हातातलं गाळणं तसंच धरून उभी राहिले. ती समोरच्या घरातली होती. त्या घरी मी किती वर्षं जात होते, त्यांच्या ओट्यावर बसून लोणच्याच्या फोडी केल्यात. त्या घरातल्या वारलेल्या थोरल्या मुलाची ही बायको. मी तिला आतल्या खोलीत जाता-येता ओझरतं पाहिलं होतं आणि कामाला ठेवलेली बाई समजत होते.

म्हातारी पायरीशी थांबली. आईंच्या रिकाम्या हातांकडे पाहून म्हणाली, "आम्ही आत यायचं ना?"

आई बोलायच्या आधीच मळ्यातली म्हणाली, "या वो. इथं कोन काय पुसत नाय."

सगळ्या आत आल्या, भिंतीशी ओळीनं बसल्या. आईंनी स्वतः प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि त्यांनी आईंच्या हातावर. पाळकबाई कप देत होत्या. मी चहा घेऊन समोरच्या घरातल्या बाईंपाशी बसले. राहवेना म्हणून विचारलं, "ताई, आम्ही दरवर्षी तुमच्या घरी निमंत्रण द्यायला येतो. तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं का?"

"पोचायचं की," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना बोलावलंय, असंच सांगायचे. मग सगळे जायचे, मी घर राखायची."

मी कप खाली ठेवला. किती हौसेनं आम्ही दारोदार फिरलो होतो. जी दार उघडेल तिला सांगायचं, सगळ्यांनी या हं, आणि पुढच्या दाराशी जायचं. दार उघडायला या कधी येतच नव्हत्या.

मळ्यातली शेजारीच बसली होती, तिनं ऐकलं. नवरा गेल्यापासून दुपारी गल्ली झोपली की या एकेक करून तिच्या मळ्यात येऊन बसायच्या, हे मला नंतर कळलं. तिनं बशीतला चहा संपवला आणि आईंना म्हणाली, "बाई, पुढच्या येळेला बोलवायला मी येते तुमच्यासंगं. कोणाच्या घरात आत कोण हाय, ते मला ठावं हाय."

आईंनी तिच्या बशीत आणखी चहा ओतला. मग जपून विचारलं, "आणि भाऊ न्यायला येणार होता तो?"

"आला व्हता सकाळी," ती म्हणाली. "जेऊ घातलं आन् परत धाडला."